हळदीच्या गावात पांढरा कागद

पांढरा हा जगातला सगळ्यांत स्वस्त रंग आहे असा आपला उगीचच समज आहे. भिंतीला दुसरं काही परवडत नसलं की चुना लावतात. पुढाऱ्याला दुसरं काही सुचत नसलं की तो पांढरे कपडे घालतो. आणि केसांना तर हा रंग फुकट मिळतो, मागायलाही लागत नाही. पण व्हिडिओ कॅमेऱ्याचा इतिहास उघडून पाहिलात तर एक गोष्ट ध्यानात येईल. तांबड्या, हिरव्या, निळ्या या तिघांनी मिळून जेवढा मनस्ताप दिला नसेल तेवढा एकट्या पांढऱ्याने दिला आहे. या रंगापायी इंजिनिअर लोकांच्या पिढ्या खपल्या. आमच्या हिंगोलीकडे तर त्याच्यापायी सोयरिकी तुटायच्या राहिल्या, इतकंच.

त्याचं असं आहे, की आपला डोळा हा भारी समजूतदार प्राणी आहे. कंदिलाच्या उजेडात ताटात पडलेला भात खरं म्हणजे पिवळाधमक असतो, पण आपण कधी ओरडतो का, की आज मसालेभात कसा काय? डोळा मनाशी म्हणतो, उजेडच पिवळा आहे, भाताचा काय दोष! तो पिवळेपणा वजा करून टाकतो आणि भात पांढराच दिसतो. योहानेस फॉन क्रीस नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरवातीला या वजाबाकीचं गणितही मांडलं. घरोघरच्या सुनांना ते गणित आधीपासून येत होतं. सासूबाईंचा मूळ स्वभाव वजा करून मग त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावायचा, हे तेच.

कॅमेऱ्याला मात्र ही वजाबाकी येत नाही. तो जे दिसलं ते सांगून मोकळा होतो. असल्या खऱ्या बोलणाऱ्यांचं समाजात काय होतं ते तुम्हांआम्हांला ठाऊकच आहे. त्यांना कुणीतरी बाजूला घेऊन समजावून सांगावं लागतं, ‘हे बघ बाबा, हे पांढरं आहे असं समज आणि मग पुढे बोल.’ या समजावण्यालाच ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात.

उजेडालाही रंग असतो हे लोहाराला फार पूर्वीपासून माहीत आहे. भट्टीतलं लोखंड आधी तांबडं होतं, मग नारिंगी, मग पिवळं, मग पांढरंफेक. शास्त्रज्ञांनी यावरूनच उजेडाला ताप मोजायची पट्टी लावली आणि तिला लॉर्ड केल्व्हिनचं नाव दिलं. दिव्याची वात सुमारे १९०० केल्व्हिन, घरातला जुना पिवळा बल्ब २७००-२८००, शूटिंगचा हॅलोजन ३२००, दुपारचं ऊन ५६००च्या आसपास आणि ढगाळ दिवसाचा किंवा सावलीतला उजेड त्याच्याही वर. गंमत म्हणजे आपण ज्याला ‘थंड’ म्हणतो तो निळा यात सगळ्यांत तापट ठरतो आणि ‘ऊबदार’ म्हणतो तो तांबडा सगळ्यांत गार. आमच्या शाळेत ड्रिलचे मास्तर सारखे लालबुंद होऊन ओरडायचे, पण त्यांना कुणी भ्यायचं नाही. हेडमास्तर शांतपणे नुसते बघायचे, आणि वर्ग गार! केल्व्हिनचा सिद्धांत आम्ही तिथेच शिकलो.

आता थोडा इतिहास. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने चौकड्यांच्या रंगीत फितीची तीन छायाचित्रं दाखवली. थॉमस सटनने ती तांबड्या, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून वेगवेगळी काढलेली होती. तिन्ही एकमेकांवर बरोबर पाडली आणि पडद्यावर रंगीत फीत उमटली. टाळ्या पडल्या. पुढे शंभर वर्षांनी कुणीतरी हिशेब तपासला तेव्हा कळलं, की त्या काळच्या छायाचित्रांच्या काचांना तांबडा रंग मुळी दिसतच नसे! मग तांबड्याच्या जागी उमटलं ते काय? तर फितीच्या तांबड्या भागावरून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परतत होते, ते गपचूप आत शिरले होते. म्हणजे जगातलं पहिलं रंगसंतुलन जमलं ते चुकून. पत्रिका दुसऱ्याचीच, पण लग्न जमलं आणि संसारही बरा झाला, त्यातला प्रकार.

आपल्याकडे मात्र पहिली पत्रिका जुळली नाही. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करायचा घाट घातला. शांतारामबापू फिल्म घेऊन थेट जर्मनीला गेले. तिथे रसायनं होती, यंत्रं होती, जर्मन शिस्त होती. तरी रंग काही मनासारखे उतरले नाहीत. हिंदुस्थानातला पहिला रंगीत चित्रपट म्हणून पुढे नाव लागलं ते १९३७च्या ‘किसान कन्या’चं. शांतारामबापूंनी आपली ही उधारी १९५५ साली ‘झनक झनक पायल बाजे’ काढून वसूल केली. बावीस वर्षं रंगाचा राग धरून बसायला माणूस कोल्हापूरचाच लागतो.

मग आला टेलिव्हिजन. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, आणि पहिली दहा वर्षं सगळा मामला काळा-पांढरा. काळ्या-पांढऱ्यात रंग चुकत नाही हा त्याचा केवढा मोठा गुण! परंतु मराठी मध्यमवर्गाला चुकलेला का होईना पण रंग हवा होता. त्यासाठी बाजारात एक प्लॅस्टिकचा कागद आला. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. हा टीव्हीच्या काचेवर बांधला की घरचा टीव्ही रंगीत! आभाळ निळं, माणसं तांबूस, गवत हिरवं. आता कॅमेरा फक्त शेतात उभ्या असलेल्या शेतकऱ्यावर असता तर हिशेब चुकलाही नसता. पण बातम्या सांगणाऱ्या बाईंचं काय? त्यांचे केस निळे आणि पदर कायमचा हिरवा. तरी शेजारपाजारचे लोक बघून म्हणायचे, ‘बाकी काही म्हणा, नॅचरल वाटतं हो!’

खरा रंग आला १९८२ साली. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरचा समारंभ रंगीत दिसला आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई खेळांनी तर रंगीत संचांची लाटच आणली. आपण ‘पाल’ पद्धत घेतली. टेलिफुंकेन कंपनीतल्या वॉल्टर ब्रुख यांनी ती काढलेली. अमेरिकेची १९५३ची एनटीएससी पद्धत जुनी, पण वाटेत सिग्नल जरा हलला की तिच्यात चेहऱ्याचा रंगच फिरायचा. म्हणून तिथल्याच इंजिनिअरांनी तिच्या आद्याक्षरांचा ‘एकच रंग दुसऱ्यांदा कधीच नाही’ असा खवचट विग्रह केला होता. ‘पाल’मध्ये रंगाचा काटा दर ओळीला उलटा-सुलटा फिरवतात, म्हणजे एका ओळीतली चूक दुसऱ्या ओळीतल्या चुकीने भागते. हे तत्त्व आपल्या संसारांत आधीपासून रूढ असल्यामुळे ती पद्धत आपल्याला मानवली.

आता तो कॅमेरा. त्या काळचा चांगला, धंद्याचा व्हिडिओ कॅमेरा म्हणजे तीन ट्यूबचा. भिंगातून आलेला उजेड आत काचेच्या लोलकावर पडतो, तिथे त्याचे तांबडा, हिरवा, निळा असे तीन वाटे होतात आणि प्रत्येक वाट्याला एक स्वतंत्र काचेची नळी. तिघांनी आपापलं काम करून पुन्हा एकत्र यायचं. तीन भावांच्या वाटण्या झाल्यावर त्यांनी दिवाळीला एका पंगतीत बसायचं, तसं. एक भाऊ केसभर जरी सरकला तरी माणसाच्या नाकाच्या कडेला तांबडी किंवा निळी किनार दिसायला लागते. ती सरळ करण्याला ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. आणि वाटे समान नव्हेत बरं का! पांढऱ्याचा उजळपणा मोजायचा झाला तर त्यात हिरव्याचा वाटा ५९ टक्के, तांबड्याचा ३० आणि निळ्याचा अवघा ११. म्हणजे पांढरा हा मुळात एकटा रंगच नव्हे, ते तीन पक्षांचं आघाडीचं सरकार आहे. बहुमत हिरव्याचं. पण निळ्याने अकरा टक्क्यांच्या जोरावर पाठिंबा काढला की सगळं मंत्रिमंडळ पिवळं पडतं.

या कॅमेऱ्याची सर्वांत मोठी गंमत तर अजून सांगायचीच आहे. ज्या छोट्याशा काचेत डोळा घालून कॅमेरामन चित्र बघायचा ती काच काळी-पांढरी असे! म्हणजे रंगाची सगळी जबाबदारी ज्याच्यावर, त्या बिचाऱ्याला रंग दिसायचाच नाही. स्टुडिओत ठीक होतं. तिथे आतल्या खोलीत इंजिनिअर बसलेला, त्याच्यापुढे मॉनिटर आणि रंगाचा काटा दाखवणारी यंत्रं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९७४ साली टेलिव्हिजनचा विभाग दिल्लीहून आला. या विद्येतली शिकलेली माणसं तिथे तयार होत. पण बाहेर, उन्हातान्हात, एकटा कॅमेरामन म्हणजे आंधळ्याने रांगोळी काढण्यापैकी. त्याने फक्त विधी पाळायचा आणि फळ ईश्वरावर सोडायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट पाळला तर ईश्वरही बहुधा द्यायचा.

त्यातून पुढारी पांढऱ्या कपड्यांत. कॅमेऱ्याचं झाकण आपोआप उघडमीट करणारी एक सोय असते. समोर पांढरं फार दिसलं की ती घाबरून डोळा बारीक करते. मग स्टेजवर दहा-पंधरा पांढरेशुभ्र सदरे आणि टोप्या बसल्या की कपडे छान दिसत आणि वरचे चेहरे कोळशासारखे काळे पडत. कपडे जितके स्वच्छ तितकं तोंड काळं. याला कॅमेऱ्याचा तांत्रिक दोष म्हणतात. आम्ही आपले म्हणतो, म्हणत असतील.

एवढं सगळं जगात होत असताना आमचा हिंगोली जिल्हा कुठे होता? तर नव्हताच. १ मे १९९९ला तो परभणीतून वेगळा झाला. पण व्हिडिओ आला त्याच्या आधी. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हिंगोली, वसमत, कळमनुरीला फोटो स्टुडिओच्या पाट्यांवर ‘येथे लग्नाची व्हिडिओ शूटिंग करून मिळेल’ अशी एक ओळ वाढली आणि पांढऱ्या रंगाच्या इतिहासातलं सगळ्यांत अवघड प्रकरण सुरू झालं. कारण हा मुलूख हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हांला ते सरकारी कागदाआधीच माहीत होतं. हंगामात मोंढ्यात जाऊन आलेला माणूस भुवयांपर्यंत पिवळा असतो. बरं, आमचं रंगशास्त्रही न्यूटनच्या पलीकडचं. पिवळ्या हळदीत पांढरा चुना घातला की होतं लाल कुंकू! पिवळा अधिक पांढरा बरोबर लाल, हे समीकरण मॅक्सवेललाही सुटलं नसतं.

अशा ठिकाणी तो व्हिडिओवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन मांडवात शिरायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, ‘पांढरं काय हाय का?’

आता लग्नघरात पांढरं काय असणार? अक्षता हळदकुंकवाच्या. नवरदेवाचे कपडे हळदीत माखलेले. पत्रिकेचा कागद गुलाबी. शेवटी त्याची नजर एखाद्या मामांच्या डोक्याकडे जाई.

‘मामा, टोपी द्या जरा.’

‘का बरं?’

‘व्हाइट घ्यायचंय.’

‘घ्या की. पण माघारी द्या बाप्पा, आत्ताच आहेरात आलीय.’

टोपी कॅमेऱ्यासमोर धरली जाई, बटण दाबलं जाई, आणि कॅमेरा तांबड्या-निळ्याचं प्रमाण हिरव्याशी जुळवून ‘हे पांढरं’ अशी गाठ मारून घेई. वाक्प्रचारात ‘टोपी घालणे’ याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. कॅमेऱ्याला आमच्याकडे अक्षरशः टोपी घातली जायची. कारण ती टोपी नवी असली तर तिच्यात नीळ असायची. नाहीतर टिनोपाल. म्हणजे ती दिसायला पांढरी, पण खरं म्हणजे किंचित निळसर. कॅमेरा समजायचा, ‘उजेडच निळा दिसतोय’, आणि तो निळा कमी करायचा. झालं, सगळं वऱ्हाड पिवळं! आणि टोपी जुनी, घामाने आणि हळदीने पिवळटलेली असली तर उलटं. कॅमेरा निळा वाढवायचा आणि मांडवात दीडशे श्रीकृष्ण जेवायला बसलेले दिसायचे. कावीळ झालेल्याला सारं जग पिवळं दिसतं म्हणतात, पण इथे कावीळ टोपीला आणि दिसायचं जगाला. (मोठ्या शहरातले कॅमेरामन म्हणे फिकट निळा कागद मुद्दाम जवळ ठेवतात, चेहऱ्यावर जरा ऊब यावी म्हणून. म्हणजे जी विद्या ते पैसे देऊन शिकले ती आमच्याकडे परटिणीला येत होती.)

काही कॅमेऱ्यांना ‘ऑटो’ नावाची सोय होती. सगळं आपोआप! हळदीच्या कार्यक्रमात तिची मजा. समोर नवरदेव, पाट, पातेलं, पाच सवाष्णी, सगळंच पिवळं. कॅमेरा मनाशी म्हणायचा, इतकं पिवळं जगात काही नसतं, उजेडातच खोट असणार. आणि तो पिवळा धुऊन काढायचा. करवल्यांनी तासभर खपून चोळलेली हळद कॅसेटमध्ये बघावी तर नवरदेवाला चुना लावल्यासारखी. वधूपक्षाने तो लावला होता की नाही हा वेगळा विषय.

त्यात मुहूर्त गोरज. गोरज म्हणजे सूर्यास्ताची वेळ, आणि वरात नाचत नाचत येणार म्हणजे आणखी अर्धा-पाऊण तास उशीर. पहिल्या मंगलाष्टकाला कलतं ऊन, नवरी सोन्यासारखी. तिसऱ्याला सूर्य गेला, उरला आभाळाचा निळा उजेड. नवरी निळी. पाचव्याला कुणीतरी ट्यूबलाइट लावल्या. ट्यूबलाइटच्या उजेडात हिरवा चोरून शिरलेला असतो. नवरी हिरवी. शेवटच्या ‘सावधान’ला व्हिडिओवाल्याचा पोरगा हॅलोजन घेऊन धावत येई, नवरी केशरी! एका लग्नात चार नवऱ्या. औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी नागनाथाचं देऊळ फिरलं अशी कथा आहे. नामदेव आमच्या नर्सीचे, त्यांच्यासाठी देऊळ फिरलं. व्हिडिओवाल्यासाठी सूर्य काही थांबत नसे. आणि आमची वीज! हॅलोजनचा ३२०० केल्व्हिन हा आकडा पुऱ्या दाबाच्या विजेचा. इकडे दाब उतरला की दिवा तांबडा होत जाई, आणि पंगतीतला वरणभात हळूहळू टोमॅटोचं सार होई.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण या पांढऱ्याची एक बाजू अशी आहे, की तिथे हसू येत नाही.

व्हिडिओवाल्याला सगळ्यांत जास्त काळजी असे ती नवरीच्या रंगाची. रंग बरोबर यावा याची नव्हे, गोरा यावा याची. ‘पोरगी उजळ दिसली पाहिजे’ हे पैसे ठरतानाच सांगितलं जाई. मग हॅलोजन थेट तोंडावर, भिंग जास्त उघडं, आणि आघाडीच्या त्या सरकारात निळ्याची किंमत वाढवलेली. हा केवळ आमच्या खेड्यांचा दोष नाही. विलायतेत आणि अमेरिकेतही रंगीत फोटोचे रंग जुळवायला कोडॅकचं एक कार्ड असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिच्या कातडीवरून सगळ्या जगाच्या कातडीचा रंग ठरायचा. त्या कार्डाला ‘शर्ली’ म्हणत. आमच्या मांडवात शर्ली कधी आली नाही, पण तिचं स्थळ मात्र प्रत्येक मुलाच्या आईला हवं होतं.

माझी एक चुलत बहीण सावळी आहे. सावळी म्हणजे विठोबाच्या घरची, छान, तुकतुकीत. तिचं लग्न १९८९ साली वसमत तालुक्यात झालं. कॅसेट आली. अख्खी गल्ली बघायला जमली. पडद्यावर एक पिठासारखी पांढरी बाई हार घालत होती. सासरची मंडळी खूष. ‘टीव्हीत किती गोरी दिसती बघा सूनबाई!’ ताई काही बोलली नाही. पुढे कित्येक वर्षांनी तिच्या लेकीने ती कॅसेट लावली आणि विचारलं, ‘आई, हे कुणाचं लग्न गं?’ तेव्हा ताई म्हणाली, ‘जन्मात एकदाच टीव्हीत दिसले बाई, अन् तीबी मी नव्हेच.’

व्हिडिओवाल्याने फसवलं असं ती म्हणत नाही. त्याने सगळ्यांनी सांगितलं तेच केलं. पण त्या कॅसेटमध्ये आमची आजी आहे. आजीची हलणारी, चालणारी, बोलणारी आठवण म्हणून जगात तेवढी एकच आहे. जेमतेम दोन मिनिटं, नातीच्या कपाळाला हळद लावताना. आजीही सावळीच होती. आणि त्या कॅसेटमध्ये तीसुद्धा कुणीतरी दुसरीच.

आता आमचा भाचा. तो शहरात व्हिडिओचंच काम करतो, आणि जुन्या वस्तूंचा त्याला नाद आहे. त्याने कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचा तीन ट्यूबचा जुना कॅमेरा भंगाराच्या भावात मिळवला. चाळीस वर्षांचं ते धूड घरात आलं तेव्हा बहिणीला वाटलं, गिरणी आणली. हल्लीच्या मोबाइलला रंग आपोआप कळतात, मग हे कशाला, असं मी विचारलं. तर तो म्हणाला, ‘मामा, मोबाइल विचारत नाही. हा विचारतो.’

मग त्याने मला तो विधी दाखवला, आणि मला तो थेट सत्यनारायणाच्या पूजेसारखा वाटला. आधी कॅमेरा चालू करून अर्धा तास नुसता बसू द्यायचा, कारण ट्यूब तापून स्थिर झाल्याशिवाय रंग थाऱ्यावर येत नाहीत. हे आचमन. मग भिंग पूर्ण मिटून ‘ब्लॅक बॅलन्स’. उजेड अजिबात नसताना तिघांनीही सारखंच गप्प बसलं पाहिजे. एखादा अंधारातही पुटपुटत असेल तर सावल्यांना त्याचा रंग चढतो. म्हणजे पांढरं ठरवायच्या आधी काळं ठरवायचं. मग आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता लावून तिघा भावांना एका रेषेत बसवायचं. मग उजेड कुठला आहे ते पाहून आतलं फिल्टरचं चाक फिरवायचं. हॅलोजनला एक, उन्हाला दुसरं. हे चाक विसरलं तर पुढचं सगळं पुण्य वाया, कारण एवढा मोठा फरक नुसत्या बटणाने भरून निघत नाही. आणि शेवटी पांढरा कागद. कागद कुठे धरायचा? कॅमेऱ्याजवळ नव्हे, खिडकीपाशीही नव्हे. ज्याचं चित्र घ्यायचं त्याच्या तोंडाशी, त्याच्याच उजेडात. चौकट कागदाने भरायची, बटण दाबायचं, काचेत ‘ओके’ येईपर्यंत दम धरायचा. उजेड बदलला की पुन्हा पहिल्यापासून कागद. सूर्याकडे तोंड मात्र चुकूनही करायचं नाही, ट्यूबवर कायमचा डाग पडतो. पूजेत निषिद्ध गोष्टी असतातच.

त्याने माझ्याच तोंडाशी कागद धरून दोन मिनिटं चित्र घेतलं. मी टीव्हीवर जसा आहे तसाच दिसलो. त्यात आनंद मानण्यासारखं विशेष काही नव्हतं, पण तक्रारीलाही जागा नव्हती.

मग त्याने ताईची कॅसेट मागवली. बुरशी साफ केली, कॉम्प्युटरवर उतरवली. तिथे एक सोय असते. चित्रातली जी वस्तू खरोखर पांढरी होती ती दाखवायची, म्हणजे बाकीचे रंग त्या मानाने फिरतात. प्रश्न पुन्हा तोच, पांढरं काय हाय का? मामांची टोपी नीळ घातलेली. धोतरं पिवळटलेली. मांडवाचं कापड गुलाबी. घरातल्या सगळ्यांनी आपापली मतं दिली. आणि मग भाच्याने आजीच्या पदरातून बाहेर आलेल्या केसांवर खूण केली.

आजीच्या केसांना नीळ नव्हती, टिनोपाल नव्हतं, मेंदी नव्हती. ते नुसते पांढरे होते.

चित्र हलल्यासारखं झालं आणि सावकाश बसलं. हळद हळदीसारखी झाली. शालू आम्ही इतकी वर्षं जांभळा समजत होतो, तो डाळिंबी निघाला. त्यावरून दोन काकवांत वाद होता, तो मिटला. आजीचे हात आजीचे झाले. ताईचं कपाळ आणि गाल काही परत आले नाहीत. उजेड इतका मारला होता की तिथे टेपवर काही उमटलंच नव्हतं. ‘जे पांढरं होऊन गेलं मामा, त्याच्यात काहीच उरत नाही,’ भाचा म्हणाला. पण गळा, मान, हळदीचे हात, मागे वळून हसली तेव्हाची हनुवटी, एवढं सगळं तिचं तिला मिळालं. ताईने टीव्हीजवळ जाऊन ते बघितलं. मग लेकीला म्हणाली, ‘ही बघ. ही मी.’ आणि चहा टाकायला आत गेली.

हल्ली आमच्या औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगोची वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने एप्रिल २०२३मध्ये तिला २६०० कोटी मंजूर केले. तिथेही म्हणे उजेडाचे वाटे करणार, चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून पाठवणार आणि पुन्हा एकत्र आणून बघणार, तारे एकमेकांवर आदळून अवकाश केसाच्या अब्जांशाहूनही कमी हललं की नाही ते. व्हिडिओवाल्याने ऐकलं तर तो विचारील, ‘व्होल्टेजचं काय केलंय?’ जगभरचे शास्त्रज्ञ येतील. लग्नसराईत आले तर आग्रहाने पंगतीला बसतील, टॉवेल-टोपीचा आहेर होईल, कुणीतरी त्यांचंही शूटिंग करील. ती गोरी माणसं कॅसेटमध्ये काय रंगाची दिसतील हे मात्र सर्वस्वी टोपीवर अवलंबून राहील.

त्यांना जाता जाता मोंढाही दाखवावा असं माझं मत आहे. तिथे हळद घेणारा जुना व्यापारी ढिगातलं एक हळकुंड उचलतो, मोडतो, आणि भाव सांगायच्या आधी पत्र्याखालून बाहेर येऊन ते दिवसाच्या उजेडात धरतो. अडत्या म्हणतो, ‘शेठ, आत लाइट हाय की.’ शेठ म्हणतो, ‘तो लाइट तुझा हाय.’